गांडूळ की सापाचं पिल्लू? बदलापूरच्या पावसात दिसणाऱ्या बिनहाडांच्या जिवांची शरीरं चालतात तरी कशी?

पहिला दमदार पाऊस झाला की बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी साधारण तेच फोटो फिरायला लागतात. बाथरूमच्या जाळीतून वर आलेली गोम. कुंडीला चिकटलेली गोगलगाय. जिन्यात चकलीसारखा गुंडाळून पडलेला किडा. आणि पार्किंगमध्ये वळवळणारं काहीतरी काळपट, चकचकीत, दोऱ्यासारखं. त्या फोटोखाली प्रश्न ठरलेला असतो, "गांडूळ आहे की सापाचं पिल्लू?"

उत्तर येईपर्यंत बऱ्याचदा कुणीतरी चप्पल हातात घेतलेली असते.

खरं तर या एका प्रश्नात प्राणिशास्त्राचा एक मोठा धडा दडलेला आहे. गांडुळासारखा दिसणारा तो प्राणी अनेकदा 'वाळा' असतो. वाळा हा भारतातल्या सर्वांत लहान सापांपैकी एक. तो पूर्णपणे बिनविषारी असून मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या खाऊन जगतो. गांडूळ आणि वाळा यांची लांबी, जाडी, रंग, मातीत राहण्याची सवय, सगळं जवळपास सारखं. पण वाळ्याच्या अंगात शंभराहून जास्त मणके आहेत आणि गांडुळाच्या अंगात एकही हाड नाही.

मग दोघांना ओळखायचं कसं?

हात न लावता, नुसतं नीट पाहिलं तरी पुरतं. गांडुळाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगठ्यांसारखी वळी दिसतात. ते चालताना एकदा लांब होतं, एकदा आखूड होतं. त्याचं अंग ओलसर आणि चिकट असतं.

वाळ्याच्या अंगावर अशी वळी नसतात. तिथे बारीक, गुळगुळीत खवले असतात, त्यामुळे तो पॉलिश केल्यासारखा चमकतो. तो लांब-आखूड होत नाही. सापासारखा नागमोडी सरपटतो आणि मधूनच बारीकशी जीभ बाहेर काढतो. म्हणजे फरक चालण्यात आहे, आणि चालण्यातला फरक आतल्या रचनेतून येतो.

हाड नाही, मग ताकद कुठून येते?

जगातल्या प्राण्यांच्या जातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जातींना पाठीचा कणा नाही. आपण, मासे, बेडूक, साप, पक्षी आणि गुरंढोरं हा कणा असलेल्यांचा छोटासा गट. बाकी सगळे अपृष्ठवंशी. पण 'कणा नाही' एवढ्या एका गोष्टीवरून त्या सगळ्यांना एका माळेत ओवता येत नाही. गांडूळ आणि गोगलगाय एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की हाडांचा सांगाडा असणारे मासा आणि माणूस त्या मानाने जवळचे नातेवाईक ठरतील.

हाडांचं मुख्य काम दोन प्रकारचं: शरीराला आकार देणं आणि स्नायूंना ओढायला आधार देणं. हे काम हाडांशिवाय करायचे वेगवेगळे मार्ग या जिवांनी शोधले आहेत.

गांडुळाने पाण्याचा मार्ग धरला. त्याचं शरीर म्हणजे एका नळीत दुसरी नळी. आतली नळी अन्नमार्गाची, बाहेरची कातडी आणि स्नायूंची. दोन्हींच्या मधल्या पोकळीत द्रव भरलेला असतो. शाळेच्या पुस्तकात या पोकळीला 'देहगुहा' म्हणतात. द्रव दाबून कमी होत नाही. एका बाजूने दाबला की दुसरीकडे सरकतो. पाण्याने भरलेला लांबट फुगा मध्ये आवळला की तो दोन्ही टोकांना लांब होतो, तसंच हे.

गांडुळाच्या अंगात स्नायूंचे दोन थर असतात. अंगठीसारखे गोल स्नायू आवळले की शरीर बारीक आणि लांब होतं. लांबीच्या दिशेने असलेले स्नायू आवळले की ते आखूड आणि जाड होतं. या दोन हालचाली आळीपाळीने, लाटेसारख्या पुढून मागे जातात. पण नुसतं लांब-आखूड होऊन पुढे जाता येणार नाही, कुठेतरी पकड हवी. त्यासाठी बहुतेक वळ्यांवर बारीक टोकदार केस असतात, त्यांना 'दृढरोम' म्हणतात. ओलं गांडूळ कागदावर ठेवलं आणि कान जवळ नेला तर या रोमांची खरखर ऐकूही येते.

वळी नुसती शोभेची आहेत का?

नाही. गांडुळाचं शरीर आतूनही पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेलं असतं. रेल्वेच्या डब्यांसारखं. त्यामुळे एका भागातले स्नायू आवळलेले असताना दुसऱ्या भागातले सैल राहू शकतात. सगळ्या शरीरात द्रवाची एकच मोठी पोकळी असती, तर एकीकडे दाब पडला की तो सगळीकडे पसरला असता आणि मातीत घुसण्याइतका जोर एका जागी लावता आला नसता.

भारतातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या गांडुळाचा अभ्यास केला ते फेरेटिमा पोस्थ्यूमा. त्याला साधारण १०० ते १२० वळी असतात. १४ ते १६ या वळ्यांवर एक फुगीर, वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो. अनेकांना तो जखमेचा व्रण किंवा कापलेल्या जागी आलेला जोड वाटतो. प्रत्यक्षात याच पट्ट्यातून अंड्यांसाठी कोष तयार होतो. लखनौचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी १९२६ साली या गांडुळाच्या रचनेवर लिहिलेला ग्रंथ भारतीय प्राणिशास्त्रातला पायाभूत ग्रंथ मानला जातो.

या प्राण्याला डोळे नाहीत, कान नाहीत, फुप्फुसं नाहीत. तरी प्रकाश ओळखणाऱ्या पेशी कातडीत विखुरलेल्या असतात, म्हणून बॅटरी मारली की ते मागे सरकतं. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्याने गांडुळांसमोर शिट्टी वाजवून पाहिली, ओरडून पाहिलं, त्यांनी दाद दिली नाही. पण त्यांची कुंडी पियानोवर ठेवून एक स्वर वाजवताच ती बिळात पळाली. आवाज ऐकू येत नव्हता, कंप मात्र जाणवत होता.

पाऊस पडला की गांडुळं वर का येतात?

गांडूळ कातडीतून श्वास घेतं. हवेतला ऑक्सिजन आधी ओल्या कातडीत विरघळतो, मग लगेच खाली असलेल्या रक्तवाहिन्यांत जातो. त्याचं रक्त आपल्यासारखंच लाल, कारण त्यातही हिमोग्लोबिन आहे. फरक एवढाच, की आपलं हिमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या आत असतं, गांडुळाचं थेट रक्तद्रवात विरघळलेलं असतं.

पावसात मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा खूपच हळू पसरतो. त्यामुळे ती गुदमरून वर येतात, असं एक उत्तर. पण अनेक जातींची गांडुळं ऑक्सिजन असलेल्या पाण्यात बराच काळ जिवंत राहतात. म्हणून काही संशोधक दुसरं कारणही मांडतात: एरवी जमिनीवर आलं की कातडी सुकून मरायची भीती, पावसात मात्र जमीन ओली असते, म्हणजे दूरवर सरकून नवी जागा गाठायची ही संधी. जातीनुसार दोन्ही कारणं लागू पडू शकतात.

उल्हास नदीच्या खोऱ्यात पाणी कसं पसरतं हे २७ जुलै २०१९ ला सगळ्या देशाने पाहिलं. बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. असं पाणी शेतात आणि मोकळ्या जागेत साचतं, तेव्हा जमिनीखालच्या रहिवाशांचीही पळापळ होते. त्यात आता अंगणात माती कमी आणि पेव्हर ब्लॉक जास्त. वर आलेलं गांडूळ परत आत कुठून जाणार? ऊन पडलं की ते तिथेच सुकतं.

गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात?

हा समज घरोघरी आहे आणि चुकीचा आहे. तोंड, मेंदूसारखा मज्जातंतूंचा गोळा, हृदयासारख्या आकुंचन पावणाऱ्या रक्तवाहिन्या आणि पुनरुत्पादनाचे अवयव, हे सगळं पुढच्या भागात असतं. पुरेशी वळी शिल्लक असली तर पुढचा तुकडा शेपटी पुन्हा वाढवू शकतो. मागचा तुकडा थोडा वेळ वळवळतो, पण बहुतेक जातींमध्ये मरतो.

हा समज बहुधा दुसऱ्याच प्राण्यावरून आला असावा. प्लॅनेरिया नावाच्या चपट्या कृमीचा छोटा तुकडासुद्धा अख्खा प्राणी तयार करू शकतो. पण त्याची रचना गांडुळापेक्षा पुष्कळ साधी. त्याला वळी नाहीत, देहगुहा नाही, रक्तवाहिन्या नाहीत. अन्न आत जायला आणि उरलेलं बाहेर पडायला एकच तोंड.

पोटातले जंत म्हणजे गांडुळंच का?

लहान मुलांच्या पोटातला लांब पांढरट जंत पाहून असं वाटू शकतं. पण जंत हे गोलकृमी. त्यांच्या अंगावर वळ्यांचे कप्पे नसतात, बाहेरून एक जाड, घट्ट आवरण असतं. गांडुळातले गोल स्नायू त्यांच्यात नसतात, फक्त लांबीचे स्नायू असतात. त्यामुळे त्यांना लांब-आखूड होता येत नाही, फक्त डावी-उजवीकडे वळवळता येतं. माती खाल्ल्याने पोटात गांडूळ होतं हे खरं नाही. मात्र दूषित मातीत जंतांची अंडी असू शकतात, म्हणून मातीत खेळल्यावर हात धुणं गरजेचं.

गांडुळाची खरी भावंडं शोधायची तर जळूकडे पाहावं लागेल. दोघंही वलयी प्राणी. सह्याद्रीच्या पावसाळी जंगलात पायाला चिकटणाऱ्या जळवेच्या अंगावरही वळी असतात. पण तिने दृढरोम सोडून दिले आणि शरीराच्या दोन्ही टोकांना चूषक कमावले. एक टोक चिकटवायचं, दुसरं सोडायचं, अशी ती कमान करत वितीवितीने चालते.

सांगाडा बाहेर घातला तर?

पावसाळा सुरू झाला की इथल्या बाजारांत टोपल्यांतून चिंबोऱ्या दिसू लागतात. भातखाचरातले, ओढ्यातले खेकडे. यांनी गांडुळाच्या अगदी उलटा मार्ग धरला. सांगाडा आहे, पण आत नाही, अंगावर आहे. काइटिन नावाच्या पदार्थाचं हे चिलखत कॅल्शियममुळे आणखी कडक होतं. स्नायू आतून या चिलखताला जोडलेले असतात. चिलखत कडक असल्यामुळे वाकायला जागोजागी सांधे ठेवावे लागतात. म्हणूनच खेकडा, कोळी, झुरळ, गोम हे सगळे 'संधिपाद'.

या चिलखताची एक मोठी अडचण आहे. ते वाढत नाही. म्हणून वाढायचं असेल तर जुनं कवच फोडून बाहेर यावं लागतं. नवं कवच कडक होईपर्यंत खेकडा मऊ आणि असहाय असतो, त्या काळात तो बिळात किंवा दगडाखाली लपतो.

खेकडा उलटा करून पाहिला तर पोटाखाली दुमडलेली पट्टी दिसते. ती नरात अरुंद, मादीत रुंद असते. मादी तिथे अंडी सांभाळते. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची अंडी फुटून थेट इवलेसे खेकडेच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाखालीच राहतात. समुद्रातल्या खेकड्यांच्या अळ्यांसारखे ते दूर वाहून जात नाहीत, त्यामुळे एकेका डोंगरात, एकेका ओढ्यात वेगळी जात तयार होऊ शकते. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतून २०१६ साली खेकड्यांच्या एकदम पाच नव्या जातींची नोंद झाली.

खेकड्याचं रक्त लाल का दिसत नाही, याचं उत्तरही रचनेतच आहे. त्यात लोहाचं हिमोग्लोबिन नसून तांब्याचं हिमोसायनिन असतं. ऑक्सिजन मिळाला की त्याला निळसर छटा येते. शिवाय हे रक्त सगळीकडे नळ्यांतून वाहत नाही, अवयवांच्या भोवतालच्या पोकळीत मोकळं फिरतं. गांडुळाचं रक्ताभिसरण मात्र आपल्यासारखं बंद नळ्यांचं असतं.

झुरळ, गोम आणि कोळी: एकाच कुळातले वेगळे संसार

झुरळाच्या अंगात ऑक्सिजन रक्तातून जातच नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा जोड्या छिद्रं असतात. त्यातून हवा बारीक नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. श्वास घ्यायला तोंड किंवा नाक लागत नसल्यामुळेच डोकं तुटलेलं झुरळ काही दिवस जिवंत राहू शकतं.

गोम आणि चकलीसारखा गुंडाळणारा वाणी, ज्याला पैसा किडाही म्हणतात, यांच्यात लोकांचा कायम गोंधळ होतो. गोमेच्या प्रत्येक वळ्याला पायांची एक जोडी असते, शरीर चपटं असतं आणि ती सुसाट पळते. तिच्या डोक्यामागची पहिली जोडी विषारी नखांची झालेली असते, म्हणून तिला हात लावू नये. वाण्याच्या बहुतेक वळ्यांना दोन-दोन जोड्या असतात, शरीर गोल असतं आणि चाल संथ. तो कुजका पाला खातो, चावत नाही. दोघांच्याही अंगावर गांडुळासारखी वळी आहेत, पण गांडूळ त्यांच्या कुळातलं नाही.

कोळ्याच्या शरीराचे दोनच भाग आणि पाय आठ. गंमत म्हणजे चिलखत घातलेल्या या प्राण्याने गांडुळाची युक्तीही ठेवली आहे. कोळ्याच्या पायातल्या काही सांध्यांत पाय आत ओढायला स्नायू आहेत, सरळ करायला नाहीत. तो पायात द्रव दाबाने ढकलून ते सरळ करतो. मेल्यावर दाब जातो, म्हणून मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले दिसतात.

असाच एक उडी मारणारा कोळी ठाणे जिल्ह्यात सापडला आणि २०२१ मध्ये त्याला 'आयसियस तुकारामी' हे नाव मिळालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अजमल कसाबला पकडताना प्राण दिलेले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे.

गोगलगायीचं घर सुटतं का?

सुटत नाही. शंख म्हणजे भाड्याचं घर नाही, तो तिच्या शरीराचाच भाग आहे. 'प्रावार' नावाचा मांसल पदर कॅल्शियम स्रवतो आणि शंख कडेकडेने वाढत जातो. त्यामुळे तिला खेकड्यासारखी कात टाकावी लागत नाही. खाली एकच रुंद, मांसल पाय, त्यातून सुटणारा चिकट स्राव आणि तोंडात कानशीसारखी दातेरी जीभ. अंगावर वळी अजिबात नाहीत. बाजारातल्या शिवल्या आणि तिसऱ्या याच मृदुकाय कुळातल्या, त्यांना तर डोकंही नाही.

पावसाळ्यात दिसणारी मोठी शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेतली. १८४७ च्या सुमारास ती कोलकात्यात आणली गेली असं मानतात. २०२२ मध्ये मराठवाड्यात याच शंखी गोगलगायींनी कोवळ्या सोयाबीनचा फडशा पाडला होता. तिच्या अंगात माणसाला घातक परजीवी असू शकतात, म्हणून ती उचलायची तर हातमोजे घालूनच.

या सगळ्याचा वालधुनीशी काय संबंध?

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० मधलं. त्याच्या शेजारून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरमधून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. आज तिची ओळख सांडपाणी आणि रसायनांची नदी अशी झाली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरमधल्या शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावं लागलं होतं.

पाणी किती बिघडलं आहे हे प्रयोगशाळेआधी तळातले बिनकण्याचे जीव सांगतात. मेफ्लायच्या पिल्लांचे कल्ले अंगाबाहेर, उघड्यावर असतात. त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो, पाणी घाण झालं की ती सगळ्यात आधी नाहीशी होतात. उलट, गांडुळाचे लांबचे नातेवाईक असलेले ट्युबिफेक्स किडे डोकं गाळात खुपसून शेपटी पाण्यात हलवत राहतात. घरच्या फिश टँकमध्ये माशांना टाकतात तेच हे किडे. त्यांच्या अंगात भरपूर हिमोग्लोबिन असल्याने अगदी थोड्या ऑक्सिजनवरही ते तगतात. म्हणजे तळात फक्त लाल किड्यांचे पुंजके उरले असतील, तर पाण्यातला ऑक्सिजन संपत आला आहे असं समजायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळही नद्यांच्या जैविक परीक्षणात तळातल्या अशा जिवांची नोंद धरतं.

मातीतही तसंच. गांडुळाची कातडी म्हणजेच त्याचं फुप्फुस. मातीत मीठ, कीटकनाशक किंवा रसायन मिसळलं की त्याच्यापुढे कोणतंही कवच आडवं येत नाही. मीठ टाकलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ते तडफडून मरतं.

मग दिसल्यावर करायचं काय?

गांडूळ फरशीवर दिसलं तर ओल्या पानाने किंवा कागदाने उचलून सावलीतल्या मातीत सोडावं. मीठ टाकू नये. वाळा दिसला तर सुपलीत घेऊन बाहेर झाडाखाली सोडावा. वाण्याला झाडूने हलकेच बाजूला करावं. गोमेपासून आणि शंखी गोगलगायीपासून हात दूर ठेवावा. आणि सोसायटीच्या आवारात सगळीकडे ब्लॉक बसवायचा ठराव आला, तर झाडांच्या बुंध्याभोवती तरी हातभर माती मोकळी ठेवायला सांगावं. पाऊस ओसरल्यावर वर आलेल्या गांडुळांना परत जायला तेवढीच वाट असते.